नवं मॉडेल येईपर्यंत थांबायचं का? माझा अनुभव

गाडी मनात ठरली होती: पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.०, म्हणजे पोर्शे या जर्मन कंपनीची दोन आसनांची स्पोर्ट्स कार. पण पुढची ७१८ पूर्णपणे विजेवर चालणारी असेल, असं कंपनीने मार्च २०२२ मध्येच जाहीर केलं होतं. त्यामुळे विषय काढला की जो तो म्हणायचा, "थोडं थांब की, नवीन येतेय." २०१६ पासून बाजारात असलेली गाडी आता का घ्यायची, हा प्रश्न रास्तच होता.

मी आधी जुने दाखले तपासले. थांबणाऱ्यांचा फायदा झालेला दिसतो. २०१९ ची टोयोटा सुप्रा फक्त ऑटोमॅटिक होती. मॅन्युअल गिअरबॉक्स आला २०२२ मध्ये. माझदा एमएक्स-५ च्या दोन लिटर इंजिनाची रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, २०१८ मध्ये ६,८०० वरून ७,५०० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) गेली, शिवाय स्टिअरिंग पुढेमागे सरकवता येऊ लागलं. उंच माणसाला तर हा बदल वाढलेल्या ताकदीहून मोलाचा.

पण उलटंही घडलंय. पोर्शेच्याच ९११ कॅरेराचं टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) नसलेलं इंजिन २०१५ मध्ये गेलं आणि तीन लिटरचं टर्बो आलं. आकड्यांत नवी गाडी सरसच, पण ज्यांचा जीव जुन्या इंजिनाच्या आवाजात अडकला होता, त्यांनी थांबून काय मिळवलं? केमनमध्ये २०१६ ला सहा सिलिंडर जाऊन चार सिलिंडरचं टर्बो आलं, आणि २०२० मध्ये जीटीएसला पुन्हा सहा सिलिंडर मिळाले. म्हणजे 'नवीन ते चांगलं' हा हिशोब एकाच गाडीतही टिकत नाही.

मग मी नव्या गाडीचे अंदाज वाचणं बंद केलं आणि मला काय हवंय ते ठरवलं. क्लच हवा. हाताने टाकायचे गिअर हवेत. चार लिटरचं, टर्बो नसलेलं, ७,८०० आरपीएमपर्यंत चढत जाणारं इंजिन पाठीमागे हवं. विजेची गाडी कितीही वेगवान झाली तरी यातलं काहीच देणार नव्हती. वजनाचाही प्रश्न होताच: ही गाडी साधारण १,४०० किलोची, आणि बॅटरी हलकी नसते.

टेस्ट ड्राइव्हला ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल दोन्ही चालवल्या. शून्य ते शंभरला ऑटोमॅटिक चार सेकंद घेते, मॅन्युअल साडेचार. तो अर्धा सेकंद मी आनंदाने सोडला. एक उणीव मात्र खटकली आणि अजूनही खटकते: गिअर फार लांब आहेत. दुसऱ्यातच गाडी शंभरच्या बरीच पुढे जाते, त्यामुळे इंजिन पूर्ण चढवायला मोकळा ट्रॅकच लागतो. घेणाऱ्याने हे आधी स्वतः चालवून बघावं.

शेवटच्या काळातली गाडी घेण्यात आणखी एक दिलासा असतो. सुरुवातीच्या खोड्या तोवर निघालेल्या असतात आणि जुन्या मालकांचे अनुभव वाचायला मिळतात. उद्या भाव वाढेल म्हणून घ्या, असं मी कुणालाच सांगणार नाही. मी गाडी चालवायला घेतली.

बुकिंग केलं, गाडी आली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की नव्या ७१८ च्या वरच्या मॉडेल्सना पेट्रोल इंजिनही मिळेल. लगेच विचारणा सुरू झाली, "आता वाटतं ना, थांबायला हवं होतं?" नाही वाटत. त्या गाडीत कोणतं इंजिन असेल, क्लच असेल की नाही, कधी मिळेल, यातलं काहीच तेव्हा स्पष्ट नव्हतं. मला हवी ती गाडी मी तोवर मनसोक्त चालवत होतो.