पेटी घरीच का बनवता?

बाजारात मोठ्या लुअरसाठी, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या गळ लावलेल्या नकली आमिषांसाठी, तयार पेट्या मिळत असताना तुम्ही घरी कापाकापी करत का बसता, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता विचारणाऱ्याचा सूर ऐकूनच त्याचा तर्क कळतो. काहींना वाटते की मी पैसे वाचवतो. काहींना वाटते की मासे लागत नाहीत म्हणून मी करवत चालवतो. पहिल्यांना एवढेच सांगतो की पाइप, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट, जाळी आणि वाया गेलेले तुकडे धरले तर बचत होत नाही. दुसऱ्यांशी वाद घालण्याइतके मासे माझ्याकडे नाहीत.

खरे कारण असे आहे की मोठा लुअर म्हणजे लहान लुअरची वाढवलेली आवृत्ती नव्हे, आणि बहुतेक पेट्या मात्र तसे समजूनच बनवलेल्या असतात. वीस ते तीस सेंटिमीटर लांबीचा, शंभर ग्रॅमच्या वर वजनाचा ग्लाइड बेट (पाण्यात डावी-उजवीकडे सरकणारा लुअर) किंवा पॉपर (पृष्ठभागावर पाणी उडवणारा) घ्या. त्याला दोन किंवा तीन तिहेरी गळ असतात, म्हणजे एका लुअरला सहा किंवा नऊ उघडी टोके. तो आडवा ठेवण्यासाठी कप्प्यांच्या मधल्या पट्ट्या काढाव्याच लागतात. त्या काढल्या की कप्पे उरत नाहीत, उरतो एक उथळ डबा आणि त्यात एकमेकांच्या अंगावर पडलेले सगळे लुअर. प्रवासात ते घासले जातात, रंग खरवडला जातो आणि नव्या गळांची धार पाण्यात पडण्याआधीच जाते. हे सगळे मी बरीच वर्षे चालवून घेतले. पेटी हे घरातले सामान आहे, पैसा काठी आणि रीळ यांवर घालावा, असे मी तेव्हा इतरांना ऐकवतही असे.

ते मत एका संध्याकाळी बदलले. होडीत आम्ही दोघेच होतो. एक मोठा मासा सोबत्याच्या लुअरमागे थेट होडीपर्यंत आला, क्षणभर थांबला आणि वळला. असा मासा पुन्हा येण्याची शक्यता असते, पण त्याच्यापुढे दुसरे काहीतरी टाकावे लागते आणि तेही लगेच. सोबत्याने माझ्या विकतच्या पेटीत हात घातला आणि हवा तो लुअर उचलला. त्याच्यासोबत आणखी दोन वर आले. सोडवण्यासाठी त्याने हिसडा दिला, तसे खाली लोंबणाऱ्या लुअरच्या गळाचे एक टोक त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी, उलट्या काट्याच्या पलीकडे रुतले.

एवढ्यावर भागले असते तर मी कदाचित आजही तीच पेटी वापरत असतो. त्याच गळाचे दुसरे टोक शेजारच्या लुअरच्या स्प्लिट रिंगमध्ये, म्हणजे गळ लुअरला जोडणाऱ्या कडीत, अडकले होते आणि तिसऱ्या लुअरचा गळ पेटीच्या काठात. म्हणजे त्याचा हात तीन लुअरना आणि त्या लुअरमार्फत भरलेल्या पेटीला बांधला गेला होता, आणि होडी जितक्या वेळा हलत होती तितक्या वेळा ते सगळे वजन त्याच्या अंगठ्याच्या मांसावर येत होते. मी पेटी उचलून त्याच्या मांडीवर टेकवली आणि तिन्ही लुअर त्याच्या दुसऱ्या हातात धरायला दिले. रिंग उघडण्याची पक्कड पेटीच्या तळाशी होती, सगळ्या लुअरच्या खाली. साध्या पकडीने गळाची तार तोडून पाहिली, तर त्या जाडीच्या तारेवर नुसती खूण उमटली. शेवटी बोटांना ओरखडे घेत मी तळातली पक्कड काढली, एकेक रिंग उघडली आणि तासाभराचा वाटावा अशा वेळेनंतर त्याच्या हातात फक्त एक सुटा गळ उरला.

तो म्हणाला, दोरा लाव आणि ओढ. गळाचा दांडा त्वचेवर दाबून धरायचा, वाकाला दोऱ्याचा फास घालायचा आणि एका झटक्यात ओढायचे, ही रीत मला माहीत आहे आणि लहान एकेरी गळाला ती चालते. इथे गळ जाड होता, रुतला होता अंगठ्याच्या स्नायूत, आणि तिहेरी गळाची उरलेली दोन टोके त्या झटक्यात कुठे जातील हे कुणालाच सांगता आले नसते. मी नकार दिला. तो चिडला. किनाऱ्यापर्यंत आम्ही बोललो नाही. डॉक्टरांनी जागा बधिर केली, टोक पुढे ढकलून त्वचेबाहेर काढले, उलटा काटा छाटला, गळ आला त्या वाटेने मागे घेतला आणि धनुर्वाताची सुई दिली. सोबती अजूनही माझ्याबरोबर येतो. माझ्या पेटीत मात्र तो हात घालत नाही, आजची पेटी पूर्णपणे वेगळी असली तरी.

त्यानंतर मी जी पहिली पेटी केली तिचा नियम एकच होता: कोणताही लुअर एका हाताने, एकटा आणि कोरडा बाहेर आला पाहिजे. बाकीचे सगळे त्यातूनच ठरले. खोल टबमध्ये उभ्या नळ्या, एका नळीत एक लुअर. पावसाच्या पाण्याचा चौकोनी पाइप मला गोल पाइपपेक्षा बरा वाटतो, कारण गोल नळ्यांच्या मधल्या फटी फुकट जातात आणि त्यांत गळ अडकतात. नळी लुअरपेक्षा थोडी आखूड हवी, म्हणजे लुअरचे तोंड वर राहते आणि धरता येते. कापलेला काठ कानशीने गुळगुळीत करावा. नटबोल्ट लावताना सपाट डोके नळीच्या आतल्या बाजूस यावे, अन्यथा गळ तिथेच अडकतो. टबच्या तळाला भोके आणि त्यावर थोडी उचललेली जाळी, कारण बंद पेटीत एक ओला लुअर पुरतो. त्याचे पाणी हवेत राहते आणि शेजाऱ्यांचे गळही गंजतात. खाऱ्या पाण्यातून आलेला लुअर गोड्या पाण्यात धुऊन, वाळवूनच आत जावा. बोल्ट कटर आणि रिंगची पक्कड यांना बाहेरच्या बाजूने स्वतंत्र खाच, याचे कारण वर आलेच आहे.

मऊ स्विमबेटची, म्हणजे माशासारखी शेपटी हलवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या लुअरची, गोष्ट निराळी. ते मऊ राहावेत म्हणून त्यांच्या पीव्हीसीमध्ये प्लास्टिसायझर मिसळलेला असतो आणि तो बाहेर झिरपत राहतो. पॉलिस्टायरीनची पारदर्शक डबी त्याने चिकट होते, शेजारच्या कडक लुअरचा रंग विरघळतो, आणि कडक पीव्हीसी पाइपलाही तो लागू शकतो. म्हणून मऊ लुअरसाठी मी पॉलिप्रॉपिलीनच्या पन्हळी शीटचे कप्पे करतो. टबच्या बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीन, ६ असेल तर पॉलिस्टायरीन. मऊ शेपटी दुमडून ठेवली तर तशीच वाकडी राहते आणि मग पाण्यात लुअर एका अंगाला पडतो, त्यामुळे तेथे कप्प्याची लांबी शेपटीवरून ठरते.

प्लायवूडची पेटीही करून पाहिली. दिसायला देखणी, उचलायला नकोशी, आणि भोकांच्या कडांतून पाणी पिणारी.

माझ्यातला जुना माणूस मात्र अजून गप्प बसलेला नाही. तो म्हणतो की प्रत्येक गळावर टोपण घातले असते तर विकतची पेटीही चालली असती. खरे आहे, पण होडीत थंड बोटांनी टोपणे काढणे आणि ती वाऱ्याने उडू न देणे हे तो कधी करत नसे. तो असेही म्हणतो की ज्याच्याजवळ चारच लुअर आहेत त्याने ते कापडात गुंडाळावेत आणि पेटीचे नाव घेऊ नये. यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण चार लुअरवर थांबलेला मी नव्हतो आणि तोही नव्हता.

शिवाय घरच्या पेटीचे दोष माझ्याइतके कुणालाच माहीत नसतील. ती अवजड आहे, होडीत जागा खाते आणि उभ्या नळ्यांमुळे तिचा तोल उंचावर असतो. तिला झाकण नाही, कारण झाकण लावले की वारा खेळत नाही आणि गंज पुन्हा सुरू होतो. झाकण नसल्याने मोठ्या लाटेवर हलके लुअर नळीतून उसळून बाहेर येतात. हल्ली मी वरून एक ताणपट्टी लावतो. ती सोडायला दुसरा हात लागतो, आणि एका हाताने निघाले पाहिजे हा तर माझाच नियम होता.