पुडी अस्सल निघाली

एप्रिल महिना. मोहोळकडचे एक अण्णा सोलापुरात आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये आले. काखेत उसाच्या पाचटाची पेंढी, हातात भुरकट भुकटीची पुडी. "मॅडम, हे एन्झाइम फवारलं की पाचट कुजतंय म्हणला दुकानदार. महिना झाला, तसंच हाय बघा. खडूची पूड दिली का काय?"

संशय मलाही होता. भुकटी 4.8 सामूच्या (पीएचच्या), म्हणजे आम्लधर्मी द्रावणात कालवली, त्यात फिल्टर पेपरची पट्टी सोडली आणि नळी तासभर 50 अंशांवर ठेवली. मग डीएनएस हे साखर ओळखणारं रसायन घालून पाच मिनिटं उकळली. पिवळा रंग गडद तांबडा झाला, म्हणजे कागदातल्या सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतीच्या तंतूची, साखर झाली होती. नुसत्या भुकटीची नळीही सोबत लावली होती, कारण अशा पुड्यांत भर म्हणून साखर घातलेली असली की रंग फसवतो. ती पिवळीच राहिली.

"म्हणजे खोट माझ्या पाचटात?" अण्णा चिडलेच.

पाचटाचा चुरा लावला, तर जेमतेम नारिंगी छटा. पाचटातलं सेल्युलोज लिग्निन या टणक, चिवट पदार्थानं लिंपलेलं असतं. एन्झाइमला आत शिरायला वाटच नसते. तोच चुरा एक टक्का कॉस्टिक सोड्यात 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह केला (प्रेशर कुकरसारख्या यंत्रात दाबाखाली वाफवला), धुतला, सामू जुळवला आणि परत लावला. या वेळी नळी लाल झाली. अण्णा ती खिडकीशी धरून बराच वेळ बघत होते.

पण शेतात कोण सोडा उकळणार? त्यात पेंढीच्या बुडाला चिकटलेल्या काळ्या मातीचा सामू आठच्या वर भरला. हे एन्झाइम आम्लात रमणारं. शिवाय मातीच्या कणांना चिकटून ते निकामी होतं, आणि सेल्युलोजची साखळी तोडायला पाणी लागतंच.

"पाणी किती दिलं?"

"एप्रिलात पाणी कुठलं ओ!"

मी सांगितलं, पुडीपेक्षा जिवंत जिवाणू-बुरशीचं कल्चर घ्या; ते वाढतं आणि लागेल तसं एन्झाइम स्वतः तयार करतं. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 1 किलो कल्चर, आणि खोडव्याला पाणी देताना पाचट ओलं ठेवायचं. पाचटात कर्ब भरमसाट, नत्र नावाला, म्हणून युरिया.

"मग ह्या पुडीचं काय करू?"

ठेवून जा म्हटलं. पुढच्या बॅचच्या प्रॅक्टिकलला तीच वापरली.