थ्री नॉट थ्री आणि गळांचा डबा

मागच्या रविवारी आईशी फोनवर बोलताना चुकून बोलून गेलो की दुपारी एका आजींकडची जुनी बंदूक अस्सल आहे का ते बघायला चाललोय. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग "शिकायला म्हणून गेलास आणि हे उद्योग?" मला इथे ओहायोत येऊन सतरा वर्षं झाली, पण आईसाठी मी अजून शिकायलाच आलोय. मागून बाबा ओरडले, "कुठली रे? थ्री नॉट थ्री का?" म्हटलं हो तीच. "मग त्यात काय बघायचंय, आपल्या चौकीतल्या हवालदाराच्या खांद्यावर असायची की!"

बाबांचं अर्धं बरोबर आहे. काडतूस तेच, घराणंही तेच, ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलींचं. पण आजींच्या मुलाने जे फोटो पाठवले होते ती नंबर फोर मार्क वन टी होती, म्हणजे निदान दिसत तरी होती तशी. टी म्हणजे टेलिस्कोप, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल. कारखान्यात चाचणीत ज्या रायफली जास्त नेमक्या निघायच्या त्या बाजूला काढायचे आणि लंडनला हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायचे, तेच हॉलंड जे आपल्या संस्थानिकांना शिकारीच्या बंदुका बनवून द्यायचे. १९४२ पासून त्यांनी अशा २०,००० च्या वर रायफलींना दुर्बिणीची बैठक, गालाला टेकायला लाकडी तुकडा वगैरे बसवून दिलं. दुर्बीण नंबर ३२, तीन पट मोठं दाखवणारी, आणि गंमत म्हणजे ती मुळात ब्रेन मशीनगनसाठी बनवली होती, नंतर इकडे वळवली.

आता भानगड अशी आहे की साधी नंबर फोर लाखोंनी बनली, आणि साधी आणि टी यांच्या किमतीत काही पटींचा फरक पडतो. त्यामुळे साधीवर नक्कल बैठक, दुर्बीण धरून ठेवणारं नक्कल ब्रॅकेट आणि नवीकोरी नक्कल दुर्बीण लावून "युद्धात वापरलेली" म्हणून विकणारे लोक आहेतच. मी स्वतः पाच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात असाच गंडलोय, विकणाऱ्याने त्याच्या काकांची इतकी छान गोष्ट सांगितली की मी गालाचा तुकडा हलवूनसुद्धा बघितला नाही. घरी आल्यावर पाहिलं तर त्याचे स्क्रू फर्निचरच्या दुकानातले. तेव्हापासून नियम एकच, गोष्ट नंतर ऐकायची, आधी नंबर वाचायचे.

तर आजींकडे पोचलो. आजी ८८ वर्षांच्या, पण एकदम खणखणीत. रायफल पलंगाखाली जुन्या रजईत गुंडाळलेली. आधी बोल्ट काढून चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना ते बघितलं, मग टॉर्च आणि भिंग. मुलगा सारखा सांगत होता की डॅडी म्हणायचे ही नॉर्मंडीला (१९४४ ची फ्रान्समधली लढाई) होती, मी नुसतं हो हो.

डाव्या बाजूला बॉडीवर टी, आहे. दस्ता जिथे अडकतो त्या धातूच्या सॉकेटवर टी आर, तोही आहे, म्हणजे बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने ही दुर्बिणीसाठी निवडली होती (बीएसएचा युद्धातला कोड एम ४७ सी, साल १९४३, सगळं जागच्या जागी). पण नुसत्या टी आरवर जाऊ नये, ठसे काय कोणीही मारू शकतो, तो कितपत जुना वाटतो, आजूबाजूच्या रंगाशी त्याचं जमतं का ते बघायचं असतं. मग बैठकी. स्क्रू आणि डाख दोन्हीने बसवलेल्या. खोट्या बैठकीला कुठेतरी फट राहते नाहीतर रंग वेगळा असतो, इथे दोन्ही अशा मुरल्या होत्या की मला मनातून उकळ्या फुटायला लागल्या. नेम धरायच्या मागच्या साइटची जवळच्या माऱ्याची वर्तुळाकार पट्टीसुद्धा घासून काढलेली होती, दुर्बीण लावल्यावर ती आड येते म्हणून तेव्हाच काढायचे. नक्कल करणारे हे बऱ्याचदा विसरतात.

मग दस्ता उलटा केला. खालच्या अंगाला एस ५१ हवा, हॉलंडचा कोड. तर तो जेमतेम दिसतोय, एकही कोपरा धड नाही, कारण कोणीतरी दस्ता सॅंडपेपरने घासून वर चकचकीत व्हार्निश मारलेलं! विचारलं तर आजी कौतुकाने म्हणाल्या की नवऱ्याने १९७० च्या सुमारास एका हिवाळ्यात बसून हौसेने केलं. काय बोलणार. आपल्याकडे आजीचा शंभर वर्षांचा तांब्याचा बंब कोणीतरी मशीनवर बफिंग करून आणतो आणि वर विचारतो कसा झालाय, तसंच. त्या एका हौसेने बरेच डॉलर भुशात गेले. आठवड्याला एकदा जवसाचं तेल चोळलं असतं तरी पुरलं असतं.

पण खरा प्रश्न पुढे होता. या रायफलीत रायफल, ब्रॅकेट आणि दुर्बीण ही तिघं एकत्र नांदावी लागतात. ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर असतो, आणि दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर, अंगठा टेकतो तिथे ठोकलेला असतो. ब्रॅकेट जुळलं. दुर्बीण नाही जुळली. वर लावलेली नंबर ३२ ची मार्क थ्री, १९४५ सालची, अस्सल, पण नंबर भलताच. आता पलटणीत दुर्बीण बदलली तर आर्मरर (पलटणीचा बंदूक-मिस्त्री) जुना नंबर खोडून शेजारी नवा ठोकायचा, तशा रायफलीला संग्राहक नाक मुरडत नाहीत. इथे खोडाखोड काहीच नव्हती. म्हणजे ही बदलाबदली सैन्यातून बाहेर पडल्यावरची.

मुलाला सांगितलं की रायफल शंभर टक्के खरी, दुर्बीण खरी, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि तू नेटवर जो आकडा बघितलास तो जुळलेल्या जोडीचा, वर लाकडी पेटी, पत्र्याचा डबा सगळं असलेल्या संचाचा आहे. त्याचा चेहरा पडला. नॉर्मंडीचं तर सोडूनच दिलं मी, ठशांमधून रायफल कुठे लढली ते कळत नाही, त्याला कागद लागतो.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "पत्र्याचा डबा म्हणजे तो हिरवा का?" आणि मुलाला गॅरेजमध्ये पिटाळलं. डबा आला. आत मासे धरायचे गळ, शिसं, दोऱ्याची रिळं. बाहेरच्या पत्र्यावर रंगवलेला नंबर अर्धा गंजलेला, ओल्या फडक्याने हळूहळू पुसला, भिंग लावलं, आणि दस्त्याच्या मानेवरचाच नंबर. तोच! म्हणजे मूळ दुर्बीण याच घरात होती.

आता मुलाला आठवलं की तो लहान असताना डॅडींच्या हरणाच्या बंदुकीवर एक पितळी डाग पडलेली जाडजूड काळी दुर्बीण असायची. ती बंदूक? ती त्याच्या चुलत भावाला दिली, तो आता मिशिगनला.

आजींनी किंमत विचारली तेव्हा मी म्हटलं, आत्ता विकू नका, आधी मिशिगनला फोन करा. त्यांनी मान डोलावली, गळ परत एकेक करून डब्यात भरले आणि डबा मुलाच्या हातात देत म्हणाल्या, "जागेवर ठेव, शनिवारी लागणार आहेत."