शेगडी एका दुपारात, टाकी सव्वा महिन्यात

मामेभावाचं शेत परतवाड्याच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याशी. दिवाळी आटोपली की आम्ही सात जण तिथं दोन रात्री मुक्कामाला जातो. परवाच्या वर्षी ऐन संध्याकाळी अवकाळी पाऊस आला, चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाट्या भिजल्या आणि रात्री साडेअकराला धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी आम्ही अर्धा कच्चा भात खाल्ला. तेव्हाच ठरलं, पुढच्या खेपेला उचलून नेता येईल अशी गॅसची शेगडी करायची. बाजारात मिळते ती ओट्यावरची, तिच्यावर सात माणसांचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवला की डगमगते.

शेगडीला एक दुपार लागली. वेल्डिंगवाल्याकडून एक इंची अँगलची चौकट, बोल्टवर दुमडणारे चार पाय, मधे बिडाचा बर्नर, आणि भांडं टेकायला आमच्याच वखराची झिजलेली पास (लोखंडी पातं) कापून चार पट्ट्या. उंची फूटभर. जास्त उंच केली तर गंज कलंडतो.

आता टाकीचं सांगतो.

गॅसची पाच किलोची लहान टाकी कनेक्शनशिवाय मिळते. 2013 साली काही मोठ्या शहरांत पेट्रोल पंपांवर ही सोय सुरू झाली, नंतर सगळीकडे आली. ओळखपत्र दाखवायचं, बाजारभावानं पैसे भरायचे, टाकी उचलायची. पत्त्याचा पुरावा लागत नाही. मला हे सगळं आधीच माहीत होतं, त्यामुळेच त्रास जास्त झाला. माहीत नसतं तर पहिल्याच दिवशी मुकाट्यानं घरी आलो असतो.

पहिल्या खेपेला तालुक्याच्या एजन्सीत काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तुमचं गाव आमच्या एरियात नाही येत, भाऊ." मी म्हटलं, या टाकीला एरिया नसतो. "मंग साहेबांले विचारा." साहेब जेवायला गेले होते. मी साडेतीनपर्यंत बसलो. काउंटरला सुतळीनं पेन बांधलेला होता आणि त्यात रिफिल नव्हती. आलेला प्रत्येक माणूस तो उचलायचा, कागदावर दोनदा गिरवायचा आणि शेजाऱ्याकडे पेन मागायचा. साहेब आलेच नाहीत.

दुसरी खेप. साहेब होते. "घरी मोठं सिलिंडर हाये ना तुमच्या नावावर? मंग हे कायले पायजे?" शेतावर स्वयंपाकाला, म्हटलं. "सिस्टम घेत नाही तसं." सिस्टमला विचारून तर बघा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांची खुर्चीच मागितली.

तिसऱ्या खेपेला सर्व्हर डाऊन. यावर काय लिहायचं! जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर, तेही सोयाबीन काढणीच्या दिवसांत, मजूर बांधावर सोडून.

चौथ्या खेपेला टाकी होती. डोळ्यांनी पाहिली, मागच्या खोलीत सहा मांडून ठेवल्या होत्या. साहेब म्हणाले, "देतो ना, पण शेगडी सोबत घ्या लागते." मी ऐकतच राहिलो. माझ्या हाताला वेल्डिंगच्या ठिणगीचे फोड अजून भरले नव्हते आणि हा माणूस मला शेगडी विकत होता! शेगडी एजन्सीकडूनच घ्यायची सक्ती नाही, हे मी सांगितलं. सक्ती आहे म्हणता तर तसं लेखी द्या, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "लेखी पायजे तर सोमवारी या." मी आवाज चढवला, कबूल करतो. मागे रांगेत उभी असलेली एक आजी म्हणाली, "बापू, घेऊन टाक ना शेगडी, माहा नंबर येऊ दे." तिचंही चुकलं नाही.

त्या संध्याकाळी मोह झाला होता. आठवडी बाजारात पत्र्याच्या छोट्या टाक्या मिळतात, मोठं सिलिंडर उलटं करून त्यातून कुणीतरी भरूनही देतं. ते बेकायदेशीर आहे. शिवाय त्या पत्र्याची कुणी कधी चाचणी केलेली नसते. भावानं गाडी थांबवलीसुद्धा होती. मी उतरलो नाही, पण माझ्या शहाणपणापेक्षा चिडचिडीचा वाटा त्यात जास्त होता. टाकी घेईन तर हक्काचीच, असं डोक्यात बसलं होतं.

शेवटी जिल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर डिझेल भरताना सहज विचारलं. आधार कार्ड, पैसे, पावती. दहा मिनिटं. मी तिथल्या पोराला दोनदा विचारलं, "अजून काही लागत नाही?" तो म्हणाला, "नाही न गा काका, का लागते?"

घेताना दोन गोष्टी बघा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर कोरलेलं असतं, त्यात पाच मिळवून काट्यावर जुळतं का पाहा. आणि वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्ट्यांवर आतून एक अक्षर आणि साल लिहिलेलं असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती तारीख उलटली असेल तर टाकी परत करा, तिची चाचणी राहिलेली असते.

बर्नरचं सांगायचं राहिलं. दुकानदारानं मला आधी हॉटेलच्या भट्टीचा दिला होता. तो हाय प्रेशरचा, आणि आपलं घरगुती रेग्युलेटर कमी दाबाचं. ज्योत पिवळी, लोळणारी, गंजाचं बूड काळंकुट्ट. जेटच्या, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या तोटीच्या, भोकात पिन घालून ते मोठं करावं असं वाटलं होतं, वेल्डिंगवाल्यानं हातातून पिन काढून घेतली. बर्नर बदलला, तोंडाजवळची हवेची चकती थोडी उघडली, आणि ज्योत निळी होऊन भांड्याखाली नीट बसली. नळी तारेच्या जाळीची नारिंगीच घ्या, दीड मीटरची. जोडण्या साबणाच्या फेसानं तपासा, काडी ओढून नव्हे. तंबूत किंवा बंद झोपडीत पेटवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. गळतीसाठी 1906 नंबर आहे.

शेतावर पहिली रात्र झकास गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी चहाला ज्योत मरगळली. आपल्या टाकीत नुसतं प्रोपेन नसतं, ब्युटेनही असतं. प्रोपेन उणे 42 अंशालाही उकळतं, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपास, म्हणून थंडीत दाब पडतो. भाऊ टाकी उचलून शेकोटीकडे निघाला होता. त्याला अशा शिव्या घातल्या की शेजारच्या शेतातला जागल्या उठून आला. टाकी उन्हाच्या कवडशात उभी ठेवली, अर्ध्या तासानं चहा झाला. रोडगे मात्र गोवऱ्यांवरच केले, ते गॅसचं काम नाही.

आणि हो, चौकटीला रंग देऊ नका. मी हौसेनं वरपर्यंत रेड ऑक्साइड मारला होता. बर्नरजवळचा सगळा जळाला, आणि त्या रात्रीच्या पिठल्याला रंगाचा वास होता. सातही जणांनी खाल्लं, नावं ठेवत.