एकोणतीसवाला आणि चौतीसवाला

माझं विज्ञान दहावीत सुटलं. पुढे इतिहास घेऊन बी.ए., मग फलटणमधल्या एका पतसंस्थेत नोकरी, लग्न, दोन मुलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी खगोलशास्त्राच्या नादी लागायचं खरं तर काही कारण नव्हतं. ते घडलं व्हॉट्सॲपमुळे. ‘येत्या २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप आमच्या माहेरच्या ग्रुपवर दरवर्षी नेमाने येतो. मीही तो नेमाने पुढे ढकलला, आणि भाच्याने सगळ्यांदेखत लिहिलं, ‘आत्या, हे २००३ चं आहे.’

चिडून शोधायला बसले, तर भाचा बरोबर निघाला. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून साधारण ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा भासेल, असं मूळ निरोपात होतं. पुढे ढकलता ढकलता दुर्बीण गळाली, चंद्र राहिला.

त्या रात्री शोधता शोधता एक वाजला, आणि मग रोजच वाजायला लागला. नासाचं रोज एक चित्र येतं, १९९५ पासून, खाली चार ओळी माहिती. ते सकाळच्या चहाबरोबर. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची व्याख्यानं यूट्यूबवर, भाकरी थापताना. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीची चित्रं पाहून तर दोन दिवस हवेत होते. मग कळलं की ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाशात पाहते. तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, रंग नंतर ठरवून दिलेले असतात. यात फसवणूक काही नाही, तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. पण मला उगाच वाईट वाटलं. एक इंग्रजी अभ्यासक्रमही लावला होता. तिसऱ्या आठवड्यात लॉगॅरिदम आले आणि मी गेले.

त्यातल्या त्यात रमले ते गॅलेक्सी झू नावाच्या संकेतस्थळावर. दीर्घिकांचे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचे, फोटो एकेक करून समोर येतात. गोल की चपटी, भुजा दिसतात की नाही, एवढंच सांगायचं. २००७ मध्ये हा उद्योग सुरू झाला, तेव्हा वर्गवारीला जवळजवळ नऊ लाख दीर्घिका होत्या. हॅनी व्हान आर्केल नावाच्या डच शिक्षिकेला त्याच वर्षी एका फोटोत कुणालाच न उलगडणारा डाग दिसला आणि तो खरोखरच नवा निघाला. मलाही काहीतरी सापडेल म्हणून मी तीन आठवडे दीर्घिका निवडत बसले, तांदूळ निवडावेत तशा. सापडलं काही नाही. आणि एका रात्री लाइट गेली, इंटरनेट गेलं, गच्चीवर गेले तर डोक्यावर भरगच्च आभाळ, आणि मला त्यातला एकही तारा नावाने सांगता येईना. चार महिने खगोलशास्त्र शिकत होते!

मग मराठी विश्वकोश उघडला. तो इंटरनेटवर फुकट आहे हे किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. भाषा जरा जड, पण शब्द काय एकेक! तेजस्विता कमीजास्त होणाऱ्या ताऱ्याला ‘रूपविकारी तारा’. या एका शब्दाने मला धरलं. त्यातून पोचले अल्गोल नावाच्या ताऱ्यापर्यंत. ययाती तारकासमूहात आहे हा. मराठीत पर्सियसला ययाती म्हणतात, आणि शर्मिष्ठा नि देवयानी दोघी त्याच्या शेजारीच आहेत. आभाळात गेला तरी सुटका नाही.

हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो आणि काही तासांत पूर्ववत होतो. उघड्या डोळ्यांना कळेल इतका. कारण तो एक नाही, एकमेकांभोवती फिरणारी जोडी आहे. मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्याच्या पुढून गेला की आपल्याला ग्रहण दिसतं. हे पहिल्यांदा मांडलं जॉन गुडरिक या यॉर्कमधल्या मुलाने, १७८३ मध्ये. वय अठरा, ऐकू येत नव्हतं, हाताशी नुसते डोळे आणि घड्याळ. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं. १७८६ मध्ये, बाविशीही न गाठता तो गेला. त्याचं म्हणणं वर्णपटावरून पक्कं झालं १८८९ मध्ये.

त्या जोडीत आणखी एक गंमत आहे. जास्त वस्तुमानाचा तारा आधी म्हातारा होतो, असा नियम. इथे मात्र हलका तारा म्हातारा आणि वजनदार तारा तरणा. कोडं असं सुटलं की आज हलका असलेला मुळात वजनदार होता. फुगल्यावर त्याचं द्रव्य जोडीदाराकडे ओढलं गेलं. पतसंस्थेत आम्ही असली बक्षीसपत्रं रोज बघतो. थोरला उतारवयात सगळं धाकट्याच्या नावावर करून मोकळा.

म्हटलं, हा एक तारा तरी आपण बघायचा. बाकी विश्व राहू दे.

अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, थोडक्यात एएव्हीएसओ, ही संस्था १९११ पासून हौशी लोकांकडून अशा ताऱ्यांच्या नोंदी गोळा करते. तिच्या संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव टाकलं की नकाशा मिळतो. नकाशात काळे ठिपके आणि काहींशेजारी आकडे: २१, २९, ३४, ३८. मी आपली समजले, ताऱ्यांचे अनुक्रमांक. पहिले वीस कुठे गेले ते शोधण्यात एक संध्याकाळ घालवली. त्या प्रती होत्या, म्हणजे ताऱ्याच्या तेजाची मापं! २.९ मधलं टिंब छापलं तर तेही एखादा तारा वाटेल, म्हणून टिंबच गाळतात. आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. अल्गोल एरवी २.१, पुरता मंदावला की ३.४. आकडे माहीत असलेल्या दोन ताऱ्यांच्या मधे आपला तारा कुठे बसतो, ते नजरेने ठरवायचं. झालं मोजमाप.

दुसरी चूक जरा हुशारीची होती. अल्गोलच्या अगदी खेटून एक तारा आहे. शेजारीच आहे, मान वळवायला नको, म्हणून त्याच्याशीच तुलना करायचं ठरवलं. नकाशात त्याला आकडा नव्हता. म्हटलं विसरले असतील. नंतर वाचलं, तो ऱ्हो पर्सी, स्वतःच रूपविकारी. ज्याच्या मापाने मोजायचं तोच बेभरवशाचा. नव्या माणसांची हीच चूक होते म्हणे, त्यामुळे फार लाज वाटून घेतली नाही.

नोव्हेंबर उजाडला, फटाक्यांचा धूर गेला. फोनवर स्टेलॅरियम हे आकाशाच्या नकाशाचं ॲप उघडून चार-पाच रात्री नुसती वाट पाठ केली. भाद्रपदांचा मोठा चौकोन, त्याच्या कोपऱ्यातून निघालेली देवयानीची रांग, रांगेच्या टोकाचा तारा ‘एकवीसवाला’. त्रिकोण तारकासमूहाच्या टोकाला ‘चौतीसवाला’. ययातीच्या पायाच्या बाजूला ‘एकोणतीसवाला’. फोनचा उजेड डोळ्यांत गेला की पुढची वीस मिनिटं वाया. म्हणून टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावला. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, शेजारचे विचारतायत, वर लाल दिवा घेऊन काय चाललंय म्हणून. मी म्हटलं, अभ्यास करते. कसला ते तूच सांग मला.”

अल्गोल कधी मंदावणार त्याच्या वेळा इंटरनेटवर आयत्या मिळतात. बुधवारी १९:५९, शनिवारी १६:४८. शनिवारचं दिवसाढवळ्या, सोडून दिलं. बुधवारी साडेसातलाच स्वयंपाक उरकून शाल, कानटोपी, वही घेऊन वर. पावणेआठ: एकवीसवाल्याइतका. आठ: एकवीसवाल्याइतका. साडेआठ, नऊ, साडेनऊ: तस्साच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी गडी ढिम्म हलेना. खाली आले आणि वहीत लिहिलं, ‘मला जमत नाही.’

शुक्रवारी रात्री लंडनहून मावसबहिणीचा फोन आला. मी पांघरुणात, आणि ती म्हणते, “जेवून आलेय आत्ता ऑफिसात, दुपारचे चार वाजलेत.” मी ताडकन उठून बसले. वेळांच्या यादीवर कोपऱ्यात दोन अक्षरं होती, मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं: यूटी. जागतिक वेळ, म्हणजे हिवाळ्यातली लंडनची वेळ. आपण साडेपाच तास पुढे! बुधवारचं १९:५९ म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. मी साडेनऊला निराश होऊन खाली आले आणि त्यानंतर तो मंदावला, मी घोरत असताना. आणि ‘दिवसाढवळ्या’ म्हणून सोडलेलं शनिवारचं? १६:४८ अधिक साडेपाच तास, रात्री १०:१८. पंगत मांडून ठेवली होती आणि मी ताटावरून उठायला निघाले होते.

शनिवारी सव्वासातला वर गेले. आकाश ईशान्येला स्वच्छ, कारखान्याच्या बाजूला ऊसवाहतुकीची धूळ. पहिल्याच नजरेत कळलं, एकवीसवाल्याची बरोबरी संपलीय. माझा अंदाज २.४. सव्वाआठला एकोणतीसवाल्यापेक्षा जेमतेम उजळ, २.८. माझं मन आधीच ‘मंद’ म्हणून बसलंय, अशी शंका आली. काय होणार ते ठाऊक असलं की डोळे तेच दाखवतात. म्हणून सव्वानवाला सासऱ्यांना वर बोलावलं. त्यांना सांगितलं काहीच नाही.

अण्णांचं वय शहात्तर, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांना आभाळ माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. पूर्वेला मृग वर आला होता, ते म्हणाले, “तिकांडं आलं की. आम्ही घड्याळ कुठलं बघत होतो, तिकांडं बघून दारं धरायला जायचो.” मग मी दोन तारे दाखवले. “अण्णा, यातला ठळक कुठला?”

बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. “हा खालचा जरा जास्त हाय. पण लई नाही. जोंधळ्याच्या दाण्याएवढा फरक.”

खालचा म्हणजे एकोणतीसवाला. मी त्याआधीच वहीत ३.१ लिहून ठेवलं होतं. मग त्यांना सगळं सांगितलं. दीड-पावणेदोन तास खाली काही ते गेले नाहीत. सव्वादहाला दोघांनी मिळून ठरवलं: थेट चौतीसवाल्याच्या बरोबरीत. ययाती डोक्याच्या उत्तरेला उंच आला होता, मान दुखत होती, आणि एरवीचा तो ठसठशीत तारा आता नव्या माणसाला दाखवावाही लागला असता. सव्वाअकराला ३.२. सव्वाबाराला २.८, तेव्हा मी एकटीच होते, अण्णांना सासूबाई हाका मारून घेऊन गेल्या होत्या. तो प्रकाश तिथून निघून नव्वदेक वर्षं झाली होती. अण्णा तेव्हा जन्मायचेही होते.

रविवारी नोंदी पाठवल्या. खातं उघडलं की आपल्याला काही अक्षरांचा निरीक्षक संकेत मिळतो, पैसे पडत नाहीत. वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे खगोलशास्त्रातल्या दिवसांच्या सलग मोजणीत द्यायची, तिथे पुन्हा घाम फुटणार असं वाटलं होतं. पण तो दिनांक जागतिक वेळेनुसार भर दुपारी बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे आपली आख्खी रात्र एकाच आकड्यात बसते, मध्यरात्री तारीख बदलायची कटकट नाही. मला तर आपल्याच सोयीसाठी केलेलं वाटलं. आलेख काढून पाहिला. माझे ठिपके खाली उतरून पुन्हा वर चढत होते, फक्त दोन ठिकाणी बाकीच्यांपेक्षा जरा वर. सव्वाआठचा आणि सव्वाबाराचा. अण्णा सोबत असतानाचे तिन्ही ठिपके बरोबर घोळक्यात होते. हे मी घरी सांगितलं ही चूकच केली.

पुढचं ग्रहण मंगळवारी संध्याकाळी ७:०७ ला. नेमके त्याच दिवशी आमच्याकडे लेखापरीक्षक आले होते, ठेवींचा ताळा लागत नव्हता, निघायचं नावच नाही. सव्वासातला फोन वाजला. अण्णा स्वतःहून फोन कधी करत नाहीत. काळजात धस्स झालं.

“हां, ऐक,” ते म्हणाले. “एकोणतीसवाल्यापेक्षा मंद, चौतीसवाल्याला लागून. किती लिहू?”

“कशावर लिहिताय?”

“कॅलेंडरच्या पाठीमागं. लाल बत्ती कुठं ठेवलीयस ती सांग आधी, सापडंना.”