तळघरातला डाव

गुरुवार, ९ एप्रिल २००९. सेंट पॉल, मिनेसोटा, अमेरिका.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डेव्ह आर्नसन परवा, मंगळवारी रात्री अकरानंतर, गेले. मी गेली चार वर्षे ज्या शहरात राहते आहे त्याच शहरात ते गेले, आणि मला ते काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याकडून कळले. त्यांचे वय एकसष्ट होते आणि त्यांना कर्करोग झाला होता. खरे तर हा खेळ खेळणाऱ्या आमच्या शनिवारच्या गटातल्या एकाने रविवारीच फोन करून ते गेल्याचे सांगितले होते. त्या संध्याकाळी मी शेगडीवरची आमटी तशीच बंद करून बराच वेळ नुसती बसून राहिले, आणि रात्री त्याच मित्राचा पुन्हा फोन आला की बातमी खरी नाही, ते अत्यवस्थ आहेत, पण आहेत. त्यानंतरचे दोन दिवस, सकाळी देवापुढे दिवा लावताना, मी कधी पाहिलेसुद्धा नव्हते अशा या माणसाचे नाव घेत होते. काल खरी बातमी आली तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आले नाही. जे रडायचे ते रविवारीच रडून झाले होते, आणि याची मला कालपासून सारखी टोचणी लागली आहे.

आईचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा माझा आवाज तिने लगेच ओळखला. ‘अगं, काय झालं? कोण गेलं?’ असे तिने विचारले. मी नाव सांगितले. ‘तुझ्या ऑफिसातले होते का?’ नव्हते. ‘मग कोण होते ते तुझे?’ या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता येईना. रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय, हे आईला समजेल अशा शब्दांत मी आजवर कधी सांगितलेच नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. शेवटी मला दिवाळीचा किल्ला आठवला. दादा आणि मी अंगणात दगड, विटा आणि गोणपाट रचून त्यावर माती लिंपायचो, उतारावर अळीव पेरायचो, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करायचो. मला दरवर्षी वाटायचे की यातला एखादा मावळा रात्री चोरवाटेने खाली उतरावा, त्याला तळ्याकाठी कुणीतरी भेटावे, आणि मग काय होते ते आपण बघावे. दादा रागवायचा. मावळे मांडायचे असतात, हलवायचे नसतात, असे त्याचे म्हणणे होते. मी आईला म्हटले, ‘आई, ज्या माणसाने मावळा हलवू दिला, तो माणूस गेला.’ ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, ‘त्यांच्या घरी कोण कोण आहे?’

हे उत्तर मी केवळ आईची समजूत काढण्यासाठी दिले नव्हते. आर्नसन यांच्याबाबतीत ते जवळजवळ जसेच्या तसे घडले आहे. १९४७ साली मिनेसोटात जन्मलेला, इथल्याच विद्यापीठात इतिहास शिकणारा हा मुलगा युद्धखेळ खेळणाऱ्या एका गटात होता. टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे, पट्टीने अंतरे मोजायची, फासे टाकायचे आणि नेपोलियनच्या काळातल्या लढाया पुन्हा लढायच्या, असा त्या मंडळींचा शिरस्ता होता. १९६९ साली त्यांच्यापैकी डेव्हिड वेसली यांनी एक वेगळाच प्रयोग केला. लढाई जिथे व्हायची त्या ब्रॉनस्टाइन नावाच्या कल्पित गावातल्या एकेका माणसाची भूमिका त्यांनी एकेका खेळाडूला दिली. कुणी महापौर झाला, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळाडू कोपऱ्यांत जाऊन आपापसांत कुजबुजू लागले, आधी ठरवलेला क्रम कोलमडला, लढाई बाजूलाच राहिली आणि वेसली यांना वाटले की आपला डाव फसला. खेळाडू मात्र असा डाव पुन्हा कधी मांडणार म्हणून त्यांच्या मागे लागले.

वेसली लष्करी सेवेसाठी निघून गेल्यावर तो धागा आर्नसन यांनी उचलला. १९७१ साली एके दिवशी मंडळी नेहमीच्या नेपोलियनच्या लढाईसाठी म्हणून त्यांच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात उतरली, तर टेबलावर एक छोटा मध्ययुगीन किल्ला मांडलेला होता. तो ब्लॅकमूरचा किल्ला. त्याच्या खालची भुयारे आर्नसन यांनी चौकटीच्या कागदावर आखून ठेवली होती, त्यांत राक्षस ठेवले होते, धन ठेवले होते, आणि ती भुयारे फक्त त्यांनाच ठाऊक होती. खेळाडूंनी आपापला एक माणूस घेऊन खाली उतरायचे आणि काय करायचे ते बोलून सांगायचे, एवढेच. पुढच्या आठवड्यात तोच माणूस, आधीच्या जखमा आणि आधीची कमाई घेऊन, पुन्हा तिथूनच निघायचा. आज जगभर लक्षावधी लोक संगणकावर जे खेळ खेळतात, ज्यांत पात्र हळूहळू शिकत, बळ कमावत वरच्या लेव्हलला जाते, त्यांचे मूळ शोधत मागे मागे गेले की माणूस या तळघराच्या पायऱ्यांशी येऊन थांबतो. इथून ते घर किती मैलांवर असेल, याचा हिशेब मी काल रात्री नकाशा पुढे घेऊन करत बसले होते.

शुक्रवार, १० एप्रिल.

मी या खेळात कशी आले हे आज लिहून ठेवावेसे वाटते, कारण काल आईला सांगितले ते पुरे नव्हते.

इथे आले तेव्हा पहिले वर्षभर मी माणसांत फारशी बोलत नसे. इंग्रजी येत होते, पण ते कागदावरचे. चौघे भराभर बोलत असले की माझे वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे निघून गेलेला असायचा. अशात एका सहकाऱ्याने मला शनिवारी त्याच्या गटात नेले. त्यांचे डंजन मास्टर, म्हणजे डाव चालवणारे, ज्यांना सगळे डीएम म्हणतात, ते माझ्या वडिलांच्या वयाचे, शांत गृहस्थ आहेत. मराठीत त्यांना मी मनातल्या मनात सूत्रधार म्हणते, आणि हा शब्द त्यांना डीएमपेक्षा अधिक शोभतो. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाकडे पाळीपाळीने वळून ते एकच प्रश्न विचारायचे: तू काय करतेस? आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. माझ्यासाठी कुणी इतका वेळ थांबल्याला बरेच दिवस झाले होते.

त्या रात्री आम्ही एका दगडी दालनात अडकलो होतो आणि बाहेर जायची वाट सापडत नव्हती. बाकीच्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, जुने लेख वाचले, मंत्र वापरले. माझी पाळी आली तेव्हा मला आमच्या घरी शहाबादी फरशी बसवली होती ते आठवले. काम संपल्यावर गवंड्याने कळशीभर पाणी फरशीवर ओतले होते आणि ते कुठे जाते ते उकिडवे बसून पाहिले होते, म्हणजे उतार बरोबर काढला आहे की नाही ते कळते. मी अडखळत म्हणाले की मी माझ्या पखालीतले पाणी जमिनीवर ओतते आणि ते कुणीकडे वाहते ते बघते. टेबलावर क्षणभर शांतता झाली. डीएमनी पुस्तकात काही पाहिले नाही. तिथे पाहण्यासारखे काही नव्हतेच. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की पाणी उत्तरेच्या भिंतीकडे सावकाश सरकते आहे आणि तिच्या तळाशी एका ठिकाणी नाहीसे होते आहे. साताऱ्याच्या एका गवंड्याची युक्ती मिनेसोटातल्या एका तळघरात लागू पडली होती.

ज्या नियमांनी आम्ही खेळत होतो त्यांत पाणी ओतण्याचा नियम नव्हता आणि असायचे कारणही नव्हते. बुद्धिबळात घोड्याला पाणी पाजता येत नाही. जे नियमांत लिहिलेले नाही ते खेळाडूने बोलून दाखवायचे, आणि समोर बसलेल्या माणसाने ते लक्षपूर्वक ऐकून, त्या जगाला धरून, त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे. हा करार आर्नसन यांच्या टेबलावर आठवड्यामागून आठवडे पाळला जात असे आणि तिथून तो पुढे गेला. तो छापून खोक्यात घालता येत नाही. मला वाटते, त्यांचे नाव मागे राहण्याचे हेही एक कारण आहे.

नाव मागे राहिले, हे खरेच आहे. १९७२ च्या अखेरीस आर्नसन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला गेले आणि त्यांनी युद्धखेळांचे नियम लिहिणारे गॅरी गायगॅक्स यांना आणि त्यांच्या मंडळींना ब्लॅकमूर खेळून दाखवले. गायगॅक्स यांनी त्याच डावात ओळखले की हे काहीतरी निराळे आहे. आर्नसन यांनी पाठवलेल्या थोड्याशा टिपणांवरून त्यांनी झपाटल्यासारखे बसून नियम लिहून काढले, आणि जानेवारी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध झाले: खोक्यात तीन लहान पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिल्या आवृत्तीच्या १००० प्रती, आणि नावे दोघांची. पुढे आर्नसन हा खेळ काढणाऱ्या कंपनीतून बाहेर पडले, सुधारित आवृत्तीवर एकट्या गायगॅक्स यांचे नाव आले, १९७९ साली प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८१ साली तडजोड झाली.

या भांडणात बाजू घेणारे चाहते आजही आहेत आणि या तीन दिवसांत त्यांचे आवाज पुन्हा चढले आहेत. मला ते मनापासून खटकते. गायगॅक्स गेल्या वर्षी ४ मार्चला गेले, तोही मंगळवारच होता, आणि अंत्यसंस्कारानंतर लेक जिनिव्हात जमलेल्या त्यांच्या मित्रांनी आणि चाहत्यांनी तिथेच डाव मांडले. गेल्या महिन्यात ती मंडळी पुन्हा त्याच गावी जमून खेळली. गायगॅक्स यांनी लिहिले नसते तर हा खेळ मिनीयापोलिस आणि सेंट पॉल या दोन शहरांबाहेर पडला नसता आणि माझ्यापर्यंत कधीच पोचला नसता, हे मी कृतज्ञतेने मानते. पण ज्याने लिहिले त्याची पुस्तके उरतात आणि ज्याने टेबल चालवले त्याचे टेबल त्या रात्रीपुरतेच असते. आमच्या डीएमकडे १९७७ साली छापलेले आर्नसन यांचे ब्लॅकमूरच्या टिपणांचे पुस्तक आहे. मी ते दोनदा वाचले. ती खरोखर टिपणेच आहेत: नकाशे, याद्या, किमती, अर्धवट सोडलेल्या गोष्टी, एकही गोष्ट धड सुरुवातीपासून सांगितलेली नाही. ती वाचताना मला सतत वाटत होते की या कागदांमागे बसून बोलणारा माणूस हवा आहे. नंतरची कित्येक वर्षे ते फ्लोरिडातल्या फुल सेल या संस्थेत मुलांना खेळांचे नियम कसे रचावेत ते शिकवत होते. तिथे त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलांचा मला फार हेवा वाटतो.

शनिवार, ११ एप्रिल. रात्री उशिरा.

उद्या ईस्टर असल्यामुळे आज आम्ही चौघेच होतो. डीएमनी नेहमीची आमची मोहीम बाजूला ठेवली होती. टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचा एक किल्ला करून मांडला होता, आणि तो पाहून मला जे झाले ते मी इथे लिहू शकत नाही. आज आपण पहिले दोन तास जुन्या रीतीने खेळू, असे ते म्हणाले.

जुनी रीत म्हणजे अशी. सुरुवातीला ब्लॅकमूरमध्ये मारामारीसाठी चेनमेल या युद्धखेळाचे नियम वापरले जात, आणि युद्धखेळात सैनिकाला घाव बसला की सैनिक संपला, कारण तिथे सैनिक शेकड्यांनी असतात आणि एखाद्याचे कुणाला काही वाटत नाही. पण तळघरात येणाऱ्या खेळाडूंकडे एकच माणूस होता. त्याला त्यांनी नाव दिले होते, भुयारातून जिवंत वर आणले होते, आणि एका वाईट फाशापायी तो मरावा हे त्यांना सहन होईना. आर्नसन यांनी त्यांचे ऐकले. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या लढाईचे नियम त्यांनी पूर्वी केले होते. जहाज एका तोफगोळ्याने बुडत नाही, ते किती मार सोसू शकते याचा आकडा असतो आणि चिलखताच्या जाडीचाही असतो. ते दोन्ही आकडे त्यांनी जहाजावरून उचलून माणसाला लावले. हिट पॉइंट्स आणि आर्मर क्लास हे शब्द आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात, आणि त्यातला पहिला आला तो कुणालातरी आपला माणूस इतक्यात जायला नको होता म्हणून.

आम्ही त्या जुन्या रीतीने खेळलो. माझा पहिला माणूस दारातच एका बाणाने गेला. दुसरा जिन्यावर गेला. तिसऱ्याचे नाव मी ठेवलेच नाही, आणि हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला वाईट वाटले; दोन मृत्यूंत मी नाव ठेवणे सोडले होते. आमच्यातला एक जण, जो एरवी कायम बोलत असतो, तो नवव्या पात्राच्या वेळी फासा हातात धरून गप्प बसला. दहाच्या सुमारास डीएमनी चौघांना कोरे कागद दिले आणि एवढेच म्हणाले की आता हिट पॉइंट्स टाका.

मी सहा बाजूंचा फासा टाकला. सहा पडले. त्या माणसाचे नाव मी कोंडाजी ठेवले, कारण लहानपणी किल्ल्याच्या तळ्याकाठी जो मावळा मला खाली उतरवायचा असे त्याचे मी मनातल्या मनात तेच नाव ठेवले होते. त्याला पहिल्याच दालनात घाव बसला, दोन गेले, आणि तो उभा राहिला. टेबलावरच्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तेवढ्यात मला रडू आले, बुधवारपासून राहिलेले. कुणी काही बोलले नाही. डीएम थांबले, नेहमी थांबतात तसे, आणि मग त्यांनी विचारले की कोंडाजी काय करतो.

मी पाणी ओतले.

बारा वाजता आम्ही उठलो तेव्हा आम्ही दुसऱ्या पातळीवरच्या एका तुटक्या जिन्याशी होतो आणि कोंडाजीच्या सहापैकी एक पॉइंट उरला होता. मी तो आकडा कागदावर लिहिला, कागदाची घडी घातली आणि डीएमकडे ठेवायला दिली. पुढच्या शनिवारी त्या जिन्यापासून सुरुवात करायची आहे.