गॅस जातो कुठे?

आमची गाडी २००४ सालची आहे. बाबांना तपासणीसाठी महिन्यातून दोनदा फोंड्याहून बांबोळीला न्यावे लागते आणि एप्रिल-मेच्या दुपारी बाणस्तारीचा पूल येईपर्यंतच त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला असे. सलग तीन उन्हाळे मी एकच उपाय केला. एसी थंड करीनासा झाला की गॅरेजमध्ये जायचे आणि गॅस भरून घ्यायचा. ‘जुनी गाडी आहे, गॅस खाणारच,’ असे मला दरवेळी सांगण्यात आले आणि मीही ते मानत गेलो.

ही समजूत साफ चुकीची आहे. पेट्रोल जळते, इंजिन ऑइल खराब होते. एसीतला गॅस मात्र बंद नळ्यांमधून नुसता फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रवरूप होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायुरूप होताना गाडीतली उष्णता शोषून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. या फेऱ्यांमध्ये त्याचा थेंबही खर्च होत नाही. रबरी पाइपांतून आणि सीलमधून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो, हे खरे; पण दर उन्हाळ्यात तो भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे आहे.

यंदा गाडी एका वयस्क मेस्त्रींकडे नेली. दाब मोजणारा गेज लावण्याआधी त्यांनी मला एसी चालू करायला सांगितले आणि बॉनेट उघडून नुसते ऐकत उभे राहिले. कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच ‘टक’ करून लागत होता आणि दोन-तीन सेकंदांत सुटत होता. गॅस कमी झाला की दाब घसरतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, कारण कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते. “गॅस जातो कुठे, ते आधी बघूया,” एवढेच म्हणून त्यांनी पुढची जाळी काढली आणि टॉर्च कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यावर धरला. इतर सगळीकडे तांबडी धूळ कोरडी होती. तिथे मात्र तळहाताएवढा भाग काळपट दिसत होता आणि बोट लावले तर चिकट लागत होता. गॅस उडून गेला तरी त्याच्याबरोबर बाहेर आलेले तेल तिथेच राहते आणि धूळ धरते. नळ्यांत नायट्रोजन भरून त्या जागेवर साबणाचा फेस लावला, तेव्हा राईएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले.

कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांचा तिथे भुगा झाला होता. खारी हवा आणि पावसाळ्यात रस्त्यावरून उडून खालच्या भागात साचून राहणारा तांबडा चिखल, या दोन्हींचा तो परिणाम होता. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर हा भाग साध्या पाण्याने, जोराची धार न मारता, हलक्या हाताने धुवायला हवा. मी इतकी वर्षे ते कधीच केले नव्हते.

मेस्त्रींनी डाग न देता कंडेन्सरच बदलला. जोडांचे ओ-रिंग (रबरी कडी) बदलले आणि ड्रायरही नवा घातला, कारण प्रणाली उघडली की ड्रायरमधला ओलावा शोषणारा पदार्थ हवेतली दमट वाफ ओढून निकामी होतो. त्यानंतर पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवला. ही पायरी अनेक ठिकाणी घाईघाईत उरकली जाते आणि गोव्यासारख्या दमट प्रदेशात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ३० अंशांना पाणी उकळण्यासाठी दाब वातावरणाच्या साधारण ४ टक्क्यांपर्यंत खाली यावा लागतो; तेवढा आल्यावरच नळ्यांतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती बाहेर ओढली जाते. ओलावा आत राहिला, तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि पुढे तेलाशी मिसळून तो धातू खाऊ लागतो. पंप बंद केल्यावर गेजचा काटा अर्धा तास हलला नाही, तेव्हाच त्यांनी गॅसची टाकी वजनकाट्यावर ठेवली आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिले होते तेवढाच गॅस मोजून भरला.

हा आर-१३४ए गॅस ओझोनच्या थराला धक्का लावत नाही, परंतु १०० वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट पृथ्वी तापवतो. तीन उन्हाळे मी तो पैसे मोजून हवेत सोडत होतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

डॅशबोर्डवर थंड हवा येते त्या जाळीपाशी धरलेला थर्मामीटर दुरुस्तीआधी १९ अंश दाखवत होता, आता ८ दाखवतो. परवा बांबोळीहून परतताना बाबा बाणस्तारीपर्यंत शांत झोपले होते. ब्लोअरची पहिली गती मात्र अजून चालत नाही. त्याचा रेझिस्टर पुढच्या आठवड्यात बदलायचा आहे.